लाकडी घोडे फिरते राहावेत म्हणून

पावसाळ्यात घराची दारे फुगून चौकटीत अडकतात आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळी होतात, हे आपण दरवर्षी पाहतो. शंभर वर्षांपूर्वी कोरलेल्या मेरी-गो-राउंडच्या लाकडी घोड्यांचे आयुष्यही याच साध्या गोष्टीशी बांधलेले आहे.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात बर्लिंग्टन नावाचे एक शेतीप्रधान गाव आहे. तेथील मेरी-गो-राउंड फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीने १९०५ साली डेन्व्हर शहरातील एका उद्यानासाठी बनवले. १९२८ साली किट कार्सन काउंटीने ते १२०० डॉलरना विकत घेतले. त्यावर घोड्यांबरोबर सिंह, जिराफ, उंट, झेब्रे असे एकूण ४६ प्राणी आहेत. पुढे मंदी आणि दुष्काळ आला. १९३१ पासून काही वर्षे ते बंद राहिले आणि त्याच्या इमारतीत गुरांचा चारा साठवला गेला. चाऱ्याबरोबर उंदीर आले, धूळ आली. तरीही हे प्राणी टिकले. ते कसे, हे समजण्यासाठी आधी त्यांची घडण पाहू.

असा घोडा एका ओंडक्यातून कोरलेला असेल, असे आपल्याला वाटते. पण तसे नसते. जाड ओंडका वाळताना बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि लाकूड तडकते. म्हणून कारागीर बासवुड किंवा पॉपलरसारख्या मऊ लाकडाच्या फळ्या सरसाने जोडून पोकळ पेटी बनवत आणि तिला घोड्याच्या धडाचा आकार देत. डोके, मान, पाय वेगळे कोरून जोडत. पायाच्या तुकड्यात लाकडाच्या रेषा पायाच्या लांबीच्या दिशेनेच ठेवत, कारण रेषा आडव्या आल्या तर पाय सहज मोडतो.

लाकूड सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. रेषांच्या दिशेने ते जवळजवळ बदलतच नाही. आडव्या दिशेने मात्र काही टक्क्यांपर्यंत फुगते आणि आकसते. शेजारच्या दोन तुकड्यांच्या रेषा वेगळ्या दिशांना असतील, तर हवेतील दमटपणा बदलला की सांध्यावर ताण येतो. सांधा उघडतो, त्यावरचा रंग तडकतो, फटीतून पाणी शिरते आणि मग बुरशी व कीड लागते. म्हणून जतनाची पहिली पायरी म्हणजे चांगले छप्पर आणि शक्य तितकी स्थिर हवा. सांधा सुटला तर सरस पुन्हा उपयोगी पडतो. तो ऊब आणि ओलावा मिळाला की सैल होतो, त्यामुळे आजची दुरुस्ती उद्या कोणाला बदलावीशी वाटली तर बदलता येते. खिळे ठोकले तर ही सोय राहत नाही.

आता रंगाकडे वळू. बहुतेक उद्यानांत घोडे वरचेवर नव्याने रंगवले जात. थरांवर थर चढून कोरीवकामाच्या बारीक रेषा बुजत. बर्लिंग्टनचे प्राणी यातून वाचले. त्यांच्यावरची काळवंडलेली पुटे जपून काढल्यावर खाली १९०५ चे रंग मिळाले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील ‘जेन्स कॅरोसेल’ची कथा याउलट आहे. १९२२ साली बनलेले हे मेरी-गो-राउंड ओहायो राज्यातील आयडोरा पार्कमध्ये होते. १९८४ साली उद्यानाला आग लागली, ते बंद पडले आणि सामानाचा लिलाव झाला. तेथे ते अखंड विकले गेले, हे त्याचे नशीब. कारण अनेक ठिकाणी एकेक घोडा वेगवेगळ्या संग्राहकांकडे गेला आणि मागे काहीच उरले नाही. जेन वॉलेंटस यांनी पात्याने थर खरवडत त्याच्या ४८ घोड्यांचे मूळ रंग शोधले, त्यांची नोंद केली आणि त्यानुसार घोडे पुन्हा रंगवले. २०११ साली ते मुलांसाठी खुले झाले.

मूळ रंग शिल्लक असेल तर त्याला हात लावायचा नाही, नसेल तर पुरावा पाहूनच नवा द्यायचा, हा यातला धडा. पण एक प्रश्न उरतोच. मुले बसली की रंग झिजणार, सांधे हलणार. मग हे प्राणी काचेमागे का ठेवू नयेत? आम्हाला वाटते, थांबवलेले मेरी-गो-राउंड म्हणजे नुसत्या मूर्ती. ते फिरते तेव्हाच त्याचे यंत्र, त्याचे संगीत आणि मुलांचा आनंद जिवंत राहतो. बर्लिंग्टनचे मेरी-गो-राउंड १९८७ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरले, तरी उन्हाळ्यात मुले त्यावर बसतात. झीज थांबवता येत नाही, पण तिचा वेग कमी करता येतो. प्रत्येक हंगामाआधी सांधे, दांडे आणि बेअरिंग तपासणे हे त्यासाठीच.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. सुताराकडून एकाच फळीचे दहा सेंटिमीटर लांबीचे दोन पातळ तुकडे आणा. एकात रेषा लांबीच्या दिशेने असू द्या, दुसऱ्यात आडव्या. दोन्ही मोजून दोन दिवस पाण्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. कोणता वाढला? मग विद्यार्थ्यांना विचारा, घोड्याचा पाय कोणत्या तुकड्यातून कोरावा, आणि का?