पलंगाशेजारचे मेज

पलंगाशेजारचे मेज म्हणजे पलंग, खाट किंवा दिवाण यांच्या उशाकडील बाजूस ठेवले जाणारे लहान मेज अथवा ठेंगणे कपाट होय. अंथरुणातून न उठता हाती लागाव्यात अशा वस्तू, उदाहरणार्थ पाणी, दिवा, चष्मा, औषधे, पुस्तक, घड्याळ आणि मोबाईल, त्यावर ठेवल्या जातात. घरातील इतर सामानाच्या तुलनेत ही वस्तू लहान असली तरी तिचा वापर बहुधा अंधारात व अर्धवट झोपेत होतो. त्यामुळे तिची उंची, जागा आणि तिच्यावरील वस्तूंची मांडणी यांचा संबंध केवळ शोभेशी नसून सुरक्षिततेशीही आहे. वृद्ध, रुग्ण आणि लहान मुले असलेल्या घरांत हा संबंध अधिक महत्त्वाचा ठरतो.

नावे

मराठीत या वस्तूला एकच रूढ नाव नाही. शहरी बोलण्यात 'बेडसाइड टेबल' किंवा 'साइड टेबल' असे म्हटले जाते, तर रुग्णालयात खाटेजवळच्या लोखंडी कपाटाला 'लॉकर' म्हणतात. ग्रामीण भागात या कामासाठी साधे स्टूल किंवा तिवई वापरली जाते. 'मेज' हा शब्द फारसीत त्याच रूपात आढळतो. पोर्तुगीज भाषेत त्याच अर्थाचा 'मेसा' हा शब्द आहे. 'पलंग' हा शब्द संस्कृत 'पर्यंक' या शब्दाशी संबंधित आहे. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या 'टीपॉय' या शब्दाचा प्रवास विशेष आहे. तीन पायांची ती 'तिपाई' हा हिंदुस्थानी शब्द इंग्रजांनी उचलला, चहाशी असलेल्या उच्चारसाम्यामुळे त्याचे रूप व अर्थ बदलले, आणि तोच शब्द पुढे इंग्रजी वेष घेऊन भारतीय भाषांत परत आला.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील पारंपरिक घर

महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत पूर्वी जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याची रीत होती. सतरंजी, घोंगडी, वाकळ किंवा गोधडी सकाळी गुंडाळून ठेवली जाई व तीच जागा दिवसा इतर कामांसाठी मोकळी होई. अशा घरात कायमच्या मेजाला स्थान नव्हते. त्याचे काम भिंत करीत असे. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातील जानेफळ व त्याच्या आसपासच्या प्रदेशात, धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती चांगल्या जाड असत. या जाडीत कोनाडे आणि देवळ्या कोरून ठेवलेल्या असत. देवळीत चिमणी किंवा दिवा, कोनाड्यात लहानसहान वस्तू, खुंटीवर कपडे व कंदील, आणि उशाशी पाण्याने भरलेला तांब्या व त्यावर पालथे घातलेले फुलपात्र अशी रात्रीची व्यवस्था असे. वाड्यांमधून पलंग असत. त्यांच्याजवळ चौरंग किंवा तिवई ठेवून त्यावर पानाचा डबा, अडकित्ता आणि पाण्याचे भांडे मांडले जाई.

विटा व सिमेंटच्या घरांत ही व्यवस्था बदलली. नऊ किंवा साडेचार इंच जाडीच्या भिंतीत खोल कोनाडा काढता येत नाही. त्याच काळात पलंग व दिवाण सर्वसामान्य घरांत आले. भिंतीने सोडलेले काम फर्निचरकडे गेले. पलंगाशेजारच्या मेजाचा प्रसार ही म्हणूनच केवळ पाश्चात्त्य राहणीची नक्कल नव्हे. घराच्या बांधणीत झालेल्या बदलाचाही तो परिणाम आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. एवढ्या जागेत वेगळे मेज ठेवावे की भिंतीवर फळी बसवावी, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे प्रत्यक्षात येतो.

युरोपातील उगम

युरोपात अठराव्या शतकात पलंगाजवळ ठेवण्याची लहान बंद कपाटे प्रचलित झाली. रात्री वापरायचे मूत्रपात्र झाकून ठेवणे हा त्यांचा एक मुख्य उपयोग होता. घरात शौचालये आल्यावर हा उपयोग संपला. परंतु दार किंवा खण असलेले ठेंगणे कपाट हा घाट टिकून राहिला.

प्रकार

* तिवई किंवा स्टूल : सर्वांत साधा, स्वस्त व हलवण्यास सोपा प्रकार. साठवणीची सोय नसते.
* खणाचे मेज : वर सपाट फळी व खाली एक किंवा दोन खण. औषधे व कागदपत्रे ठेवण्यास योग्य.
* दाराचे कपाट : साठवण अधिक, मात्र तळ जमिनीला टेकलेला असल्यास खालची सफाई होत नाही.
* भिंतीवरील फळी : जमिनीवरील जागा व्यापत नाही. लहान खोलीसाठी उपयुक्त; जुन्या कोनाड्याच्या सर्वांत जवळचा पर्याय.
* रुग्णासाठीचे चाकांचे मेज : पलंगावर आडवे सरकवता येते. चाकांना अडकण असणे आवश्यक.

निवड

उंची व माप

मेजाचा पृष्ठभाग गादीच्या पृष्ठभागाइतका, अथवा त्याहून फार तर दोन इंच वर-खाली असावा. मेज फार खाली असल्यास पडल्या पडल्या हात पोहोचत नाही व अंगाचा तोल जातो. फार उंच असल्यास कुशीवर वळताना कोपरा डोक्याला लागण्याचा संभव असतो. माप घेताना पलंगाची चौकट न मोजता गादी घातल्यानंतरची उंची मोजावी, कारण कापसाची गादी व फोमची गादी यांच्या जाडीत बराच फरक असतो. कापसाची गादी वापराने दबते, हेही ध्यानात घ्यावे. एका व्यक्तीसाठी सुमारे १६ ते १८ इंच रुंद पृष्ठभाग पुरतो. मेज ठेवल्यावर चालण्यासाठी किमान दोन फुटांची वाट मोकळी राहिली पाहिजे. तशी ती राहत नसेल, तर मेजाऐवजी भिंतीवरील फळी निवडणे इष्ट.

साहित्य

सागवानात नैसर्गिक तेल असल्याने पक्क्या सागाला वाळवी सहजासहजी लागत नाही आणि हवामानातील बदलाने ते फारसे वाकत नाही. बाभळीचे लाकूड कठीण व जड असते. शेतीची अवजारे व बैलगाडीचे भाग यांसाठी ते पूर्वापार वापरले जाते. त्याचे मेज भक्कम होते, पण हलवण्यास अवघड. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, मात्र त्याला कीड व वाळवीपासून जपावे लागते. प्लायवूड घेताना त्यावरील भारतीय मानकाचा शिक्का पाहावा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या, तर आयएस ७१० हा अधिक जलरोधक प्लायवूडचा क्रमांक आहे. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळ्या पाणी लागताच फुगतात व त्यांतील स्क्रू सैल होतात.

विदर्भात हा मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि घरोघरी पाण्याचे कूलर लावले जातात. कूलरच्या ओलसर झोतात सतत राहणारे मेज प्लायवूडचे असल्यास त्याच्या कडा बंद केलेल्या असाव्यात, लोखंडी असल्यास त्याला पावडर कोटिंग किंवा रंग असावा.

रचना

कोपरे गोलाई दिलेले असावेत. पृष्ठभागाच्या कडेला दोन-तीन सूत उंचीची पट्टी बसवल्यास चष्मा किंवा औषधाची बाटली घरंगळून पडत नाही. मेजाला पाय असावेत आणि खालची पाच-सहा इंच जागा मोकळी असावी, म्हणजे तेथे केरसुणी फिरते व विजेरीच्या उजेडात खालचे दिसते. मेज डगमगते आहे का, हे एका कोपऱ्यावर हाताचा भार देऊन पाहावे. वृद्ध व्यक्ती उठताना मेजाचाच आधार घेतात. हलक्या प्लास्टिकच्या स्टुलावर असा भार दिल्यास ते उलटते.

मांडणी

मांडणीचे मुख्य तत्त्व असे की, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि ती अंधारात चाचपून सापडावी. विजेरी व चष्मा हाताच्या सर्वांत जवळ, पाणी त्यापलीकडे आणि मोबाईल पाण्यापासून दूर असावा. पाण्यासाठी रुंद तळाचे व झाकणाचे भांडे घ्यावे. तांब्यावर फुलपात्र पालथे घालण्याची जुनी पद्धत या दृष्टीने आजही उपयुक्त आहे. वाचनाच्या दिव्याच्या छत्रीची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत असावी, म्हणजे उजेड पानावर पडतो व डोळ्यांत जात नाही. रात्रभर ठेवायचा दिवा मंद व पिवळसर प्रकाशाचा असावा.

शोभेसाठी एखादे छायाचित्र किंवा लहान फुलदाणी ठेवता येते. परंतु पृष्ठभागाचा निम्मा भाग मोकळा राहील एवढीच सजावट करावी. लोंबणारे आच्छादन टाळावे, कारण ते ओढले गेल्यास सर्व वस्तू खाली येतात.

वृद्ध, रुग्ण व मुले

रात्री लघवीसाठी उठताना वृद्ध व्यक्ती पडण्याचे प्रसंग अनेकदा घडतात. आडवे असताना एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. दिवा लावून, पलंगाच्या कडेवर थोडा वेळ बसून मगच उठणे हितावह असते. याकरिता दिव्याचे बटन पडल्या जागेवरून हाती लागणे ही मेजाच्या मांडणीतील पहिली अट होय. काठी मेजाला टेकवून न ठेवता हुकात अडकवावी.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या उशाशी साखर अथवा ग्लुकोज ठेवावे. घाम, थरथर व गोंधळलेपणा ही साखर उतरल्याची लक्षणे दिसताच, व्यक्ती शुद्धीवर व गिळू शकत असल्यास, सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे, साखर देतात. दमेकऱ्याचा इन्हेलरही हाताशी असावा. इतर औषधे मात्र उघड्यावर ठेवू नयेत. झोपेत चुकीची किंवा दुसऱ्यांदा गोळी घेतली जाण्याचा धोका असतो आणि लहान मुले रंगीत गोळ्या खाऊ समजून तोंडात घालतात. घरात मुले असल्यास औषधांचा खण कुलुपाचा असावा. फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशक पाण्याच्या बाटलीत भरून पलंगाजवळ कधीही ठेवू नये.

रात्रीची सुरक्षितता

साप व विंचू

ग्रामीण महाराष्ट्रात पलंगाशेजारी विजेरी असण्याला वेगळेच महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत २०१७ मध्ये केला. मण्यार हा विषारी साप निशाचर असून तो बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसांना दंश करतो. त्याच्या दंशाने वेदना व सूज फारशी होत नसल्याने दंश झाल्याचे अनेकदा कळतही नाही. पोटदुखी आणि पापण्या जड होणे ही लक्षणे नंतर दिसतात. खाटेवर झोपणे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे आणि जमिनीवर पाय टेकण्यापूर्वी उजेड पाडणे हे साधे उपाय आहेत. मच्छरदाणी वापरणाऱ्यांनी विजेरी मेजावर न ठेवता मच्छरदाणीच्या आत ठेवावी. अन्यथा ती घेण्यासाठी हात अंधारात बाहेर काढावा लागतो. मेजाखाली जुनी पादत्राणे, रद्दी किंवा कापडाचे गाठोडे ठेवू नये, कारण विंचवाला तेथे आसरा मिळतो. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळून बांधणे टाळावे. दंश झालेला भाग न हलवता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मेजावर ठळक लिहून ठेवता येतो.

वीज व आग

कूलर, पंखा, दिवा व मोबाईल यांसाठी एकच विस्तार-पट्टी मेजावर ठेवण्याची प्रथा धोक्याची आहे. तिच्याशेजारी पाण्याचे भांडे नसावे. लोखंडी कूलरला भूसंपर्कन असावे आणि घरातील जोडणीत गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिॲम्पिअर क्षमतेचे उपकरण बसवावे. मोबाईल उशीखाली ठेवून चार्ज करू नये. उष्णता कोंडल्याने आग लागू शकते. डासांसाठीची कॉइल किंवा मेणबत्ती मच्छरदाणीजवळच्या मेजावर न ठेवता धातूच्या थाळीत, कपड्यांपासून दूर ठेवावी.

निगा

मेज दर आठवड्याला जागेवरून सरकवून त्याची मागची बाजू झाडावी. भिंतीपासून दोन बोटे अंतर ठेवल्यास ओल व वाळवी लवकर नजरेस येते. पावसाळ्यात खण फुगून अडकू लागल्यास त्याच्या कडांवर मेण घासतात. सांधे वर्षातून एकदा सुताराकडून तपासून घ्यावेत. खणातील औषधांवरील मुदतीच्या तारखा त्याच वेळी पाहून मुदत संपलेली औषधे काढून टाकावीत.

हे सुद्धा पहा

* कोनाडा
* तिवई
* चौरंग
* मच्छरदाणी
* सर्पदंश
* मण्यार