द्राक्षबागेची छायाचित्रे कशी जपावीत?

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारपीट झाली. निफाड तालुक्यातील अनेक बागांना त्याचा फटका बसला. अशा वेळी मोबाईलवर काढलेली छायाचित्रे नुकसान दाखविण्यास उपयोगी पडतात. डाऊनी, भुरी किंवा करपा मागील वर्षी कोणत्या अवस्थेत दिसला, हेही त्यावरून कळते. परंतु मोबाईल हरवला किंवा पाण्यात पडला, तर सारी नोंद जाते. म्हणून छायाचित्रांच्या प्रती वेळीच काढून ठेवाव्यात.

साठवणीचे साधन

घरी विंडोज, सेवा केंद्रात लिनक्स आणि शहरातील नातेवाइकाकडे मॅक, असे निरनिराळे संगणक असू शकतात. प्रत्येकाची साठवणीची पद्धत वेगळी असते. विंडोजवरील एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकवर वाचता येते. पण जादा सोय केल्याशिवाय तीवर नवीन फाईल ठेवता येत नाही. फॅट ३२ सर्वत्र चालते. मात्र तीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी चित्रफीत मावत नाही. त्यामुळे पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करावी. ती अलीकडच्या तिन्ही प्रणालींवर चालते. फॉरमॅट केल्याने आतील सर्व माहिती पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे.

प्रत काढण्याची रीत

१) मोबाईल केबलने विंडोज किंवा लिनक्स संगणकास जोडून 'फाईल ट्रान्सफर' निवडावे.

२) फोल्डरला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नाव द्यावे. उदा. '२०२५-१०-१५ थॉमसन गोडी छाटणी'. तारीख १५/१०/२०२५ अशी तिरप्या रेघेने लिहू नये. संगणक ते नाव स्वीकारत नाही.

३) फाईली 'कट' न करता 'कॉपी' कराव्यात. फाईलींची संख्या जुळवून चार-पाच छायाचित्रे उघडून पाहावीत. त्यानंतरच मोबाईलमधील जागा रिकामी करावी.

४) डिस्क 'इजेक्ट' करूनच काढावी. तशीच ओढल्यास फाईली खराब होण्याचा संभव असतो.

तारीख जपावी

छायाचित्र काढल्याची तारीख व वेळ फाईलमध्येच नोंदलेली असते. लोकेशन चालू असल्यास ठिकाणही नोंदले जाते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठविल्यास ते लहान होते व ही नोंद गळून पडते. म्हणून तज्ज्ञांना छायाचित्र पाठविताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे व मूळ फाईल आपल्याकडे ठेवावी. आयफोनवरील 'एचईआयसी' छायाचित्रे काही विंडोज संगणकांवर उघडत नाहीत. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय निवडावा. मग पुढील छायाचित्रे जेपीईजी स्वरूपात निघतात.

किती प्रती ठेवाव्यात?

मूळ धरून तीन प्रती असाव्यात. एक संगणकावर, दुसरी हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवावी. मोबाईलशी जोडलेल्या इंटरनेट साठवणीवरच विसंबून राहू नये. मोबाईलवरून चुकून पुसलेले छायाचित्र तेथूनही पुसले जाऊ शकते.

खरड छाटणी आणि गोडी छाटणी, या दोन्ही वेळी नवीन प्रत काढावी आणि जुन्या प्रती उघडतात की नाही ते तपासावे. गारपिटीनंतर मात्र छाटणीची वाट न पाहता त्याच दिवशी प्रत काढून ठेवावी.