‘इस्कूल’, ‘बस्सु’ आणि वर्गातले इंग्रजी

इंदूरच्या मराठी घरात पुण्या-मुंबईचा पाहुणा गेला, की दोन-चार वाक्यांतच त्याला हसू येते. ‘मी काल त्याला मिळालो’, ‘पाऊस येऊन राहिला आहे’ असे तिथले बोलणे. पाहुणा त्याला बिघडलेली मराठी म्हणून मोकळा होतो. आम्हा सीमाभागातल्या माणसांना तेवढे मोकळे होता येत नाही, कारण तोच पाहुणा आमच्या गावी उतरला की ‘काय करायलास?’ ऐकून तसाच हसतो.

वास्तविक इंदूरची मराठी बिघडलेली नाही. अठराव्या शतकात होळकरांबरोबर ती माळव्यात गेली आणि हिंदी व माळवीच्या शेजारात दोनशेहून अधिक वर्षे नांदली. शेजाऱ्याचे चार शब्द, दोन प्रयोग तिच्या अंगाला लागले. याच शहराने १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरवली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्याच दिवशी इंदूर नव्या मध्य प्रदेशात आले. तेव्हा भाषेच्या बाबतीत ती मंडळी आमची भावंडेच. बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व इंदूरशेजारच्या देवासला स्थायिक झाले व त्यांनी माळव्यातली लोकगीते मैफलीत आणली. त्या गाण्यांची माळवी त्यांनी माळवीच ठेवली.

इथवर आमचे वाचक माना डोलावतील. परंतु हाच न्याय आपण शाळेतल्या इंग्रजीला लावतो का?

इंदूरला राजवाड्याच्या परिसरात हिंडताना दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. लिपी आपलीच देवनागरी, पण आपण ‘बँक’ लिहितो तिथे ‘बैंक’. बोलण्यात ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ सर्रास कानी पडते. शब्दाच्या आरंभी ‘स्क’, ‘स्ट’ आले की हिंदी बोलणारी जीभ आधी ‘इ’चा टेकू घेते. आमच्याकडे कानडी घरातले मूल ‘बस्सु’ म्हणते, कारण कानडी शब्द बहुधा स्वरावर संपतो. मराठी मूल इंग्रजीतल्या दोन निरनिराळ्या ‘व’कारांना एकच ‘व’ वापरते. यात आळस नाही की अडाणीपणाही नाही. प्रत्येक मूल आपल्या मातृभाषेच्या नियमाने चालत असते. खुद्द विलायतेत स्कॉटलंडचा माणूस ‘र’ घोळवून बोलतो, त्याला कोणी बाकावर उभे करीत नाही.

वर्गात मात्र आपण हसतो. गुरुजी हसले की चाळीस मुले हसतात आणि ज्याला हसले ते पोर पुन्हा तोंड उघडत नाही. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला मुलगा तालुक्याच्या हायस्कुलात जातो, पहिले वर्ष मुकाट बसतो. ते पाहून वडील धाकट्याला पहिलीपासूनच इंग्रजी शाळेत घालतात आणि आमच्या मराठी शाळेच्या पटावरचे एक नाव कमी होते. (त्या इंग्रजी शाळेतल्या बाईंचे इंग्रजीही इथल्याच मातीचे असते, ही गोष्ट वेगळी.)

जाणत्यांनी हा विचार पूर्वीच केला आहे. आपल्याच राज्यातल्या हासनचे राजा राव यांनी १९३८ साली ‘कांथापुरा’ कादंबरीच्या प्रास्ताविकात सांगितले, की आपल्याला इंग्रजांसारखे लिहिता येणार नाही आणि तसे लिहूही नये. अमेरिकेत ॲन आर्बर या गावी १९७९ साली खटला झाला. कृष्णवर्णीय मुलांच्या घरच्या बोलीची दखल घेऊन त्यांना वाचन शिकवले पाहिजे, असे न्यायाधीशांनी शाळेला बजावले. ‘प्रीपोन’ या आपल्या शब्दाला लोक हसत असत, तो आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे.

पालक म्हणतील, गुरुजी, पुण्याच्या मुलाखतीत आमच्या पोराला कोण घेणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून लेखी इंग्रजी प्रमाणच शिकवावे, त्यात सूट नको. ‘ही गो’ लिहिले तर तांबडी शाई वापरावीच. बोलण्यातही ‘फोर्टी’ आणि ‘फोर्टीन’ यांत गल्लत झाली तर व्यवहार फसेल, तिथे सराव हवा. पण उच्चाराची ढब घरची असली म्हणून काय अडते? ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणणाऱ्या मुलीला भाऊ किती, हे साऱ्या वर्गाला कळलेले असते. सात वर्षे जो वर्गात बोललाच नाही, तो मुलाखतीत बोलेल कसा?

आम्ही शिक्षकांनी एक साधी रीत पाळावी. मूल ‘यस्टर्डे आय गो टु मार्केट’ म्हणाले, तर ‘अस्सं, यू वेंट टु द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?’ असे विचारून गोष्ट पुढे न्यावी. बरोबर रूप कानावर पडते, बोलणे तुटत नाही. शाळा समितीच्या जूनच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत, की तोंडी परीक्षेत उच्चाराच्या ढबीसाठी गुण कापू नयेत आणि गुणपत्रकावर ‘उच्चार अशुद्ध’ हा शेरा लिहू नये. गावोगावच्या समित्यांनी यावर आपले मत कळवावे.