डिझेल गाडीचा फसलेला मालक

मुंबईकडून येणारी गाडी खालापूरचा टोलनाका ओलांडते आणि पुढे थोड्याच अंतरावर बोरघाटाची चढण सुरू होते. सात माणसे आणि टपावर सामान घेऊन घाट चढणाऱ्या डिझेल गाडीच्या इंजिनावर जो भार येतो, तो तिला विक्रीची परवानगी देणाऱ्या चाचणीत कधी आलेलाच नसतो. भारतात वर्षानुवर्षे मोटारींच्या उत्सर्जनाची तपासणी प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून होत आली. वेग ठरलेला, थांबे ठरलेले, कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटर आणि चढण मुळीच नाही. प्रयोगशाळा आणि घाट यांच्यातल्या या अंतरात जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांनी फसवणुकीला जागा शोधली. ती उघडकीला आल्यावर हवेच्या नुकसानीचा हिशेब कमीजास्त प्रमाणात मांडला गेला, सरकारी नोटिसा निघाल्या, दंड ठोठावले गेले. ज्याने कर्ज काढून गाडी घेतली, हप्ते फेडले आणि दर खेपेला पैसे भरून पीयूसी काढली, त्या मालकाचे खाते मात्र भारतात कोणी उघडलेच नाही. कायद्याच्या दृष्टीने तो फसवला गेलेला ग्राहक आहे आणि त्याची भरपाई हा त्याचा हक्क आहे, असे माझे म्हणणे आहे.

फसवणूक नेमकी कशात होती हे आधी पाहू. डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान वाढले की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुराचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. ती घटवण्याचा एक प्रचलित मार्ग म्हणजे ईजीआर व्हॉल्व: जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडायचा आणि तापमान खाली आणायचे. त्याची किंमत असते. काजळी वाढते, व्हॉल्व चोंदतो, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज यांवर ताण येतो. फोक्सवॅगनने ईए १८९ या इंजिनमालिकेत असे सॉफ्टवेअर बसवले की चाचणी सुरू आहे हे गाडीला ओळखता येई आणि तेवढ्यापुरते उत्सर्जन आवरले जाई. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने गाड्यांवर उपकरणे लावून त्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये पुढे आले आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीवर कायदेभंगाची नोटीस बजावली. मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत उत्सर्जन, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतात १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या: फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५००. कंपनीसमूहाचे भारतातले दोन्ही कारखाने, चाकण आणि औरंगाबादजवळचे शेंद्रा, महाराष्ट्रातच आहेत.

पण आपल्याकडचे पहिले प्रकरण याच्याही आधीचे आहे आणि कर्जत-खालापूरच्या वाचकाला ते अधिक जवळचे वाटेल. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्स इंडियाने २००५ ते २०१३ या काळात तयार झालेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. इथे सॉफ्टवेअरची हुशारीही नव्हती. कमी उत्सर्जन देणारी इंजिने निवडून ठेवायची आणि तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत तीच बसवायची, असा प्रकार होता. कंपनीने जगभरातल्या आपल्या काही अधिकाऱ्यांना काढून टाकले. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने याला सरळ कंपनीने केलेली फसवणूक म्हटले. टवेरा ही मिरवण्यासाठी घेतली जाणारी गाडी नव्हती. लग्नाचे वऱ्हाड, शिर्डी-पंढरपूरची ट्रिप, कंपनीत मासिक भाड्याने लावलेली गाडी, अशी तिची कामे होती आणि तिच्या मालकांत स्वतः स्टिअरिंगवर बसणारी माणसे पुष्कळ होती. त्यांच्या हाती काय आले? गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला या, भाग बदलून देतो, एवढा निरोप. त्यात बुडालेल्या दिवसांच्या भाड्याची गोष्ट नव्हती. पुढे २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली. ज्या ब्रँडची गाडी रीसेलला काढायची तो ब्रँडच बाजारातून उठला.

मालकावरचा खरा अन्याय पीयूसीच्या कागदात दिसतो. डिझेल गाडीची पीयूसी करताना इंजिन रिकामे रेस करून धुराची घनता मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे त्या यंत्रात मोजलीच जात नाहीत. म्हणजे ज्या वायूबद्दल साऱ्या जगात गदारोळ झाला, तो खोपोलीच्या किंवा कर्जतच्या कोणत्याही पीयूसी केंद्रावर कधी सापडला नसता. गाडी नापास नाही, मालकाला कळण्याचा मार्ग नाही. याच मालकाकडे वैध पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आठ वर्षांवरील व्यावसायिक आणि पंधरा वर्षांवरील खासगी गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे, तो निराळा. नेरळ ते दस्तुरी नाका खेपा मारणाऱ्या टॅक्सीवाल्याला माथेरानच्या वेशीवर गाडी थांबवावी लागते, कारण वर वाहनांना बंदी आहे. डोंगर राखण्यासाठीची ही बंधने योग्यच आहेत आणि तो ती पाळतो. प्रदूषणाची जबाबदारी मालकाच्या बाबतीत इतकी काटेकोर असेल, तर मूळ बनावट प्रमाणपत्रावर गाडी विकणाऱ्याची मालकाशी असलेली जबाबदारी इतकी सैल कशी?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. मालकाचे बिघडले काय? गाडी धावली, भाडे मिळाले, उलट ईजीआर निवांत राहिल्याने अ‍ॅव्हरेज चांगलाच मिळाला असेल. याचे उत्तर ग्राहक संरक्षण कायद्यातच आहे. १९८६ च्या कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता यांच्याबरोबर कायद्याने पाळणे आवश्यक असलेल्या मानकातला उणेपणा येतो. वस्तू चालते की नाही हा तिथे निकष नाही. बावीस कॅरेटचा शिक्का मारलेला अठरा कॅरेटचा दागिना अंगावर तसाच शोभतो, पण तो मोडायला नेला की शिक्क्याची किंमत कळते. डिझेल गाडीचा दागिना मोडण्याचा क्षण म्हणजे तिची विक्री. तो मालकावर येतो तेव्हा गिऱ्हाईक मॉडेलचे नाव ऐकून भाव पाडते. मालकाने भारत स्टेज चारसारखे उत्सर्जन मानक पाळणाऱ्या गाडीचे पैसे मोजले होते आणि त्या दर्जाची गाडी त्याला मिळाली नाही. त्या दोन दर्जांच्या किमतींमधला फरक त्याचाच आहे. 'व्यावसायिक वापर असेल तर तो ग्राहक नाही' हीही अडचण सांगितली जाते. पण स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्याला कायद्याने ग्राहकच मानले आहे. स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणारा त्यात बसतो. दहा गाड्या आणि पगारी चालक ठेवणारा ठेकेदार बहुधा बसणार नाही, आणि हा भेद मला योग्य वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो फोक्सवॅगननेच मांडला. पुण्याच्या एआरएआयने, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, २०१५ मध्ये रस्त्यावर घेतलेल्या चाचण्यांत कंपनीसमूहाच्या काही गाड्यांचे उत्सर्जन भारत स्टेज चारच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. कंपनीचे म्हणणे असे की भारतात तेव्हा रस्त्यावरच्या उत्सर्जनाला मर्यादाच नव्हती, मग उल्लंघन कशाचे? हे खरे आहे की प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीची अट आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून, भारत स्टेज सहाच्या दुसऱ्या टप्प्यात आली. आणि २.६ पट म्हणजे चाळीस पट नव्हे, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आपली मर्यादाच सैल होती. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे चालत, आता ती मर्यादा ०.०८ आहे. पण हा बचाव दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. चाचणीच्या अटी मऊ असल्याने रस्त्यावर उत्सर्जन वाढणे ही नियमातली उणीव झाली. तिचा दोष नियम करणाऱ्याकडे जातो. चाचणी ओळखून वागणूक बदलणारी यंत्रणा बसवणे ही लबाडी आहे, कारण मग प्रयोगशाळेतले प्रमाणपत्रही त्या गाडीचे राहत नाही. टवेराच्या बाबतीत तर रस्त्याचा प्रश्नच येत नाही, तिथे तपासलेले इंजिन आणि विकलेले इंजिन एका पात्रतेचे नव्हते.

तिसरा आक्षेप माझ्या मनाला सर्वांत जवळचा आहे. भरपाई द्यायचीच तर ती श्वास घेणाऱ्यांना द्या, गाडीवाल्यांना कशाला? द्रुतगती मार्ग, जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि सावरोली-खारपाडा रस्ता यांच्या मधल्या टापूत, कुंभिवलीसारख्या गावांत राहणाऱ्या कित्येकांकडे मोटार नाही. हवा मात्र त्यांच्याही वाट्याला तीच येते. राष्ट्रीय हरित लवादाने फोक्सवॅगन प्रकरणात नेमलेल्या समितीने जानेवारी २०१९ मध्ये आरोग्यहानीचा आकडा १७१.३४ कोटी रुपये काढला, तोही दिल्लीसारखे महानगर आधाराला धरून. घाटाच्या पायथ्याची गावे त्या गणितात आलीच नाहीत. ७ मार्च २०१९ रोजी लवादाने दंडाची रक्कम ५०० कोटी केली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला. लवादाच्या हिशेबातल्या सुमारे ३.२७ लाख गाड्यांनी भागले तर हा दंड गाडीमागे १५,३०० रुपयांच्या आसपास येतो. त्यातला एक रुपयाही मालकाला मिळण्याची तरतूद नव्हती. मी म्हणतो, तो पैसा हवेचाच आहे, त्याला हात लावू नका. खरे तर त्यात महामार्गालगतच्या गावांचा वाटा आधी ठरवा. पण एकाच कृत्यातून दोन देणी उभी राहतात, एक शेजाऱ्याचे आणि एक गिऱ्हाइकाचे. पहिले फेडले म्हणून दुसरे मिटत नाही. शिवाय मालक हाही त्याच हवेतला माणूस आहे. त्याने प्रदूषण करायचे ठरवून गाडी घेतली नव्हती. विक्रेत्याच्या खोट्या शब्दावर त्याच्या हातून ते घडले.

परदेशातला कायदा वेगळा, असे सांगून हा विषय आपल्याकडे बाजूला सारला जातो. अमेरिकेत जून २०१६ च्या तडजोडीत फोक्सवॅगनच्या दोन लिटर इंजिनाच्या गाड्यांच्या मालकांना घोटाळ्याआधीच्या भावाने गाडी परत देण्याची मुभा आणि वर ५,१०० ते १०,००० डॉलर मिळाले. तिथे सामूहिक दाव्यांची जुनी परंपरा आहे, हे कबूल. पण जर्मनीत ती नव्हती. तिथे ग्राहक संघटनेने नव्या कायद्याखाली दावा लावला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ८३ कोटी युरोंची तडजोड झाली. त्याच वर्षी २५ मे रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने दिलेला निकाल आपल्या दृष्टीने आणखी मोलाचा आहे. दावेदाराने गाडी सेकंडहँड घेतली होती. न्यायालयाने वापराची रक्कम वजा करून उरलेली किंमत त्याला परत करायला लावली. फसवणुकीचा धागा पहिल्या मालकापाशी तुटत नाही हे यातून ठरले. मुंबई-पुण्यात पाच-सात वर्षे फिरलेल्या डिझेल गाड्या ज्या पट्ट्यात विकल्या जातात, तिथे या मुद्द्याला फार अर्थ आहे. कंपनीच्या नोंदीत पत्ता बहुतेकदा पहिल्या मालकाचा असतो, आणि बोलावण्याचे पत्र तिसऱ्या मालकापर्यंत पोचेलच याची खात्री नसते. युरोपात दुरुस्तीनंतर ईजीआर बिघडल्याच्या तक्रारी अनेक मालकांनी केल्या. कंपनीने दुरुस्तीशी संबंध नाकारला, तरी ठरावीक भागांबाबतच्या तक्रारींसाठी दुरुस्तीनंतर दोन वर्षांची सवलत तिला द्यावी लागली.

आपल्याकडे साधने अगदीच नाहीत असे नाही. ग्राहक कायद्याच्या कलम ३५ खाली एकसारखी तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाला दाद मागता येते. २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, ते स्वतःहून चौकशी करू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम ११०अ नुसार पर्यावरणाला घातक दोष असलेल्या गाड्या परत घेण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते, आणि उत्पादकाने पूर्ण किंमत द्यायची, गाडी बदलून द्यायची किंवा ती दुरुस्त करायची असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी हव्यात, किंवा चाचणी संस्थेचा अहवाल. मालकाला नायट्रोजन ऑक्साइड दिसत नाही, वासावरून ओळखता येत नाही आणि पीयूसीत कळत नाही. तेव्हा उत्सर्जनाच्या बाबतीत पहिला मार्ग कागदावरच राहतो. दुसरा मार्ग खुला राहायचा तर विकल्या गेलेल्या, तीन-चार वर्षे वापरातल्या गाड्या उचलून त्या बोरघाटासारख्या चढणीवर नियमाने तपासल्या पाहिजेत आणि निकाल मॉडेलच्या नावासह जाहीर झाले पाहिजेत. त्यातही एक खोच आहे. २०२१ च्या नियमांनी सक्तीची परतबोलावणी सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती ठेवली आहे. टवेराची लबाडी २००५ च्या गाड्यांपासूनची होती आणि ती बाहेर आली २०१३ मध्ये. ईए १८९ च्या भारतातल्या गाड्या २००८ पासूनच्या होत्या आणि भांडे फुटले २०१५ च्या सप्टेंबरात. हे नियम तेव्हा असते तर दोन्ही प्रकरणांतल्या सर्वांत जुन्या गाड्या, म्हणजे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या, मुदतीबाहेर पडल्या असत्या. लपवलेल्या दोषाला गाडीच्या वयाची अट लावू नये. ग्राहक आयोगापुढची दोन वर्षांची मुदतही फसवणूक जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजावी, आणि ती तारीख कोणती हे सरकारने परतबोलावणीच्या आदेशातच लिहावे.