म्हाताऱ्या मांजरीचे दुखणे ओळखा
मांजरीने दहा-अकरा वर्षे ओलांडली की ती म्हातारी समजावी. मांजर दुखणे लपवते, म्हणून तिच्या सवयींकडे लक्ष ठेवा. पाणी जास्त पिणे, लघवी वाढणे आणि अंग रोडावणे ही मूत्रपिंडाच्या विकाराची किंवा मधुमेहाची लक्षणे असू शकतात. भरपूर खाऊनही वजन घटत असेल, तर थायरॉईडची शंका घ्यावी. उडी मारणे टाळत असेल तर सांधे, तोंडाला वास येत असेल तर दात तपासून घ्या. दर सहा महिन्यांनी पशुवैद्यकाकडे रक्त व लघवीची तपासणी करावी. वेळीच औषध आणि योग्य आहार मिळाला, तर पुढचे दिवस सुखाचे जातात. घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका. अर्धी गोळीही तिचा जीव घेऊ शकते. बेजबान जनावराचे दुखणे ओळखणे हे घरच्यांचेच काम आहे.