नेपथ्यातील नाममुद्रा

संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार येतो आणि प्रयोग कोणत्या कवीच्या कृतीचा आहे हे प्रेक्षकांना सांगून टाकतो. मराठी संतकवींनी हेच काम अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रेवर सोपविले. दोन्ही ठिकाणी कर्त्याचे नाव कृतीच्या आतच आहे आणि उघड आहे. दूरचित्रवाणीच्या मालिकेला मात्र असा एक कर्ता नसतो. निर्माता, दिग्दर्शक, लेखक, नेपथ्यकार, ध्वनिसंयोजक, संकलक अशा अनेकांच्या हातांखालून ती जाते आणि त्या सर्वांची नावे भागाच्या अखेरीस वेगाने सरकणाऱ्या श्रेयनामावलीत येतात. ती नामावली फारसे कोणी वाचत नाही. कदाचित त्यामुळेच या माध्यमात एक निराळी प्रथा रूढ झाली: पडद्यामागच्या सहकाऱ्याचे नाव कथेतल्याच एखाद्या पात्राला, वस्तूला किंवा पाटीला देऊन ठेवायचे, आणि कथेच्या ओघात त्याचा गाजावाजा करायचा नाही.

या प्रथेला आपल्या अलंकारशास्त्रात जवळचे नाव आहे. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त मुद्रा नावाचा अलंकार सांगितला आहे. प्रस्तुत अर्थासाठी योजलेल्या शब्दांनीच दुसऱ्या एखाद्या सूचनीय अर्थाची खूण पटविणे, हे त्याचे लक्षण. या लक्षणातील महत्त्वाची अट अशी की शब्द आधी प्रस्तुताचे काम करणारे असले पाहिजेत. ज्याला खूण ठाऊक नाही त्यालाही वाक्य अपुरे वाटता कामा नये. दूरचित्रवाणीतील बहुसंख्य गुप्त निर्देश या कसोटीला उतरत नाहीत. ते केवळ आपसांतील थट्टेचे असतात. पण जे उतरतात ते पाहण्याजोगे आहेत.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिची कल्पना पुढे आणणारे नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन, आणि पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट. लॅम्बर्ट यांचे वय त्या वेळी अवघे २७ वर्षांचे होते. २००७ साली या मालिकेत ‘ह्यूमन नेचर’ ही पॉल कॉर्नेल यांची कथा सादर झाली. तीत कालप्रवासी नायक शत्रूपासून लपण्यासाठी स्वतःची स्मृती एका खिशातल्या घड्याळात कोंडून ठेवतो आणि १९१३ सालच्या एका इंग्रजी शाळेत साधा मास्तर होऊन राहतो. शाळेतील परिचारिका जोन रेडफर्न त्याच्या आईवडिलांविषयी विचारते तेव्हा तो सांगतो की वडील सिडनी हे घड्याळजी होते आणि आई व्हेरिटी परिचारिका होती.

हे उत्तर म्हणजे मुद्रालंकाराचे जवळजवळ निर्दोष उदाहरण होय. घड्याळात आपला प्राण ठेवून आलेल्या माणसाच्या उसन्या आठवणीत बाप घड्याळजी असावा आणि परिचारिकेवर मन जडलेल्या माणसाची आई परिचारिका असावी, ही कथेची स्वतःची गरज आहे. खूण न ओळखणाऱ्या प्रेक्षकाला एवढे पुरेसे आहे. ओळखणाऱ्याला कळते की या पात्राला खरोखरच जन्म देणारी माणसे सिडनी आणि व्हेरिटी हीच होती. म्हणजे बनावट मास्तर नकळत खरे बोलून गेला. लॅम्बर्ट त्या वेळी हयात होत्या. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, मालिकेच्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, त्या निवर्तल्या. पुढे १ जानेवारी २०१० रोजी दाखविलेल्या भागात जोनची पणती एक लेखिका म्हणून भेटते. तिचे नाव व्हेरिटी न्यूमन आहे. येथे दोन्ही नावे एका नावात बसविली आहेत खरी, पण पहिल्या निर्देशातील अपरिहार्यता या दुसऱ्यात नाही.

अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ची रीत वेगळी. तेथे निर्देश माणसांपेक्षा वास्तूत अधिक आहेत. मूळ मालिकेचे (१९६६–६९) कलादिग्दर्शक मॅट जेफरीज यांनी आकाशयानाची रचना केली. यानातील यंत्रे दुरुस्त करण्यासाठी सरपटत शिरावे लागणारी जी तिरपी नळी होती, तिला कामगारवर्ग थट्टेने ‘जेफरीज ट्यूब’ म्हणू लागला. १९८७ साली सुरू झालेल्या पुढच्या मालिकेत हे नाव पात्रांच्या तोंडी आले आणि त्या काल्पनिक जगाच्या परिभाषेतला एक शब्दच होऊन बसले. नंतरच्या मालिकांत यानांवर जे स्मृतिफलक लावले गेले त्यांवरही निर्मितीतील मंडळींची नावे बारीक अक्षरांत कोरलेली असत. घरच्या संचावर ती वाचता येणे शक्य नव्हते. अशा नावांना प्रेक्षकाला दिलेली खूण म्हणावे की देवळाच्या उंच शिखरावर, जेथे कोणाची नजर पोहोचत नाही तेथे पाथरवटाने केलेले कोरीवकाम म्हणावे, हा प्रश्न रोचक आहे. पण त्यात नाट्याचा अंश थोडाच.

खरा प्रश्न पुढचा आहे. असा निर्देश हा गौरव असतो की गौरवाची टाळाटाळ?

‘डॉक्टर हू’चे शीर्षकसंगीत रचले रॉन ग्रेनर यांनी. कागदावरच्या त्या स्वरलिपीला प्रत्यक्ष ध्वनीचे रूप दिले ते बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या विभागातील डेलिया डर्बीशायर यांनी. १९६३ साली संश्लेषक वाद्य हाताशी नव्हते. छेडलेल्या तारेचा आवाज आणि आंदोलक यंत्रांचे ध्वनी फितीवर घ्यायचे, फितीचा वेग बदलून एकेक सूर सिद्ध करायचा, ते तुकडे पात्याने कापून एकापुढे एक जोडायचे, असे ते काम होते. त्यात डिक मिल्स त्यांचे मदतनीस होते. तयार झालेली कृती ऐकून ग्रेनर यांना सहरचनाकार म्हणून डर्बीशायर यांचे नाव लावावेसे वाटले. परंतु विभागातील व्यक्तींची नावे जाहीर न करण्याचे संस्थेचे धोरण होते. पडद्यावर ग्रेनर यांचे नाव आले आणि सोबत केवळ विभागाचे. डर्बीशायर २००१ साली वारल्या. त्यांचे नाव या मालिकेच्या पडद्यावर प्रथम उमटले ते २३ नोव्हेंबर २०१३ रोजी, पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’ या भागात.

याच भागाच्या आरंभी कोल हिल शाळेची एक पाटी दिसते. तीवर मुख्याध्यापक म्हणून डब्ल्यू. कोबर्न असे नाव आहे. पहिल्या कथेचे लेखक अँथनी कोबर्न, आणि ‘डब्ल्यू’ हे तिचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचे आद्याक्षर, असा त्याचा उलगडा जाणकार करतात. वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ लिहिणाऱ्या आटिया हुसेन यांचे ते चिरंजीव. पहिला भाग दिग्दर्शित केला तेव्हा ते २४ वर्षांचे होते. भारतीय वाचकाला त्या पाटीवरील एका अक्षराचे कौतुक वाटणे साहजिक आहे.

एकाच भागात एक निर्देश झाकलेला आणि एक नाव उघडे, अशी ही जोडी आहे. हुसेन आणि कोबर्न यांची नावे १९६३ सालीच श्रेयनामावलीत होती, म्हणून त्यांच्यासाठी पाटीवरचे अक्षर शोभते. ते देणे फेडून झाल्यावर दिलेले नजराण्याचे फूल आहे. डर्बीशायर यांचे नाव अशाच एखाद्या पाटीवर घातले असते तर ती चेष्टा ठरली असती. त्यांना ध्वनी नको होता, अभिधा हवी होती. ती मिळायला ५० वर्षे लागली. म्हणून गुप्त निर्देशाचे सौंदर्य तपासताना आधी श्रेयनामावली तपासावी लागते. ‘व्यंग्य’ अर्थ वाच्यार्थावर उभा असतो हा काव्यशास्त्राचा सिद्धांत येथे व्यवहारातही लागू पडतो.

भाषांतरात या निर्देशांची गत आणखी बिकट होते. ‘जेफरीज ट्यूब’चे ‘दुरुस्तीचे भुयार’ केले तर मराठी श्रोत्याला वस्तू चटकन समजते आणि माणूस पुसला जातो. नाव तसेच ठेवले तर ते एखाद्या शोधक शास्त्रज्ञाचे असावे अशी त्याची समजूत होते. अर्थात इंग्रजी प्रेक्षकांपैकीही कित्येकांची तीच होत असणार, तेव्हा नाव ठेवणेच बरे. ‘व्हेरिटी’चा अर्थ सत्य. म्हणून उत्साही भाषांतरकार त्या आईला ‘सत्यवती’ करू पाहील. त्याने अर्थ राखला जाईल आणि बाई गमावली जाईल. येथे लिप्यंतर हेच भाषांतर. पडद्याच्या तळाशी दोन ओळींत हा निवाडा करणाऱ्या उपशीर्षककाराचे स्वतःचे नाव मात्र बहुधा कोणत्याच नामावलीत नसते.