समेवर पडणारा कट

१९८२ साली अमेरिकेत जिम कपोस्तास या एकवीस वर्षांच्या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले. ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या जपानी ॲनिमेशन मालिकेची ‘स्टार ब्लेझर्स’ ही अमेरिकी आवृत्ती त्याच्याकडे होती. तिच्यातली सगळ्यांत हिंसक दृश्यं त्याने वेचली आणि त्यांच्यामागे बीटल्सचं ‘ऑल यू नीड इज लव्ह’ लावलं. पडद्यावर स्फोट, कानात प्रेमाची महती. ॲनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणजे चाहत्यांच्या भाषेत एएमव्ही, या प्रकाराची सुरुवात इथून धरली जाते.

या प्रकारात चित्रं दुसऱ्याची असतात आणि गाणंही दुसऱ्याचं. करणाऱ्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच: कोणतं चित्र कोणत्या क्षणी सुराला भेटणार, हा निर्णय. तो चुकला की काहीच उरत नाही. म्हणून सिंक, म्हणजे चित्राची आणि संगीताची गाठ, हा एएमव्हीचा प्राण आहे.

व्हीसीआरच्या काळात ही गाठ बोटांनी मारावी लागे. एका यंत्रावर मूळ टेप चालू, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग थांबवून ठेवलेलं, आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं. पण दाबल्याबरोबर यंत्र लगेच सुरू होईलच असं नसे. पुष्कळ यंत्रं आधी टेप किंचित मागे घेत आणि मग पुढे जात. आपलं यंत्र किती रेंगाळतं ते सरावाने ओळखून तेवढं आधी बटण दाबावं लागे. शिवाय प्रत्येक नकलेत चित्र थोडं फिकट होई. तरीही लोकांनी हे केलं, तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी रात्री घालवल्या.

संगणक आल्यावर बोटांची कसरत गेली आणि तिच्या जागी हिशेब आला. संपादनाच्या पडद्यावर, टाइमलाइनवर, गाण्याची लहर आडवी पसरलेली दिसते. ढोलाचा ठोका तिथे उंच टोकासारखा उठतो. संपादक गाणं ऐकत ऐकत त्या टोकांवर खुणा करतो. ॲनिमे बहुधा सेकंदाला २४ फ्रेमचं धरलं जातं. गाणं मिनिटाला १२० मात्रांचं असेल, तर एका मात्रेला बरोबर १२ फ्रेम येतात आणि काम सोपं होतं. पण गाणं १२८ मात्रांचं असलं, तर वाट्याला ११.२५ फ्रेम येतात, आणि पाव फ्रेम काही कापता येत नाही. मग चार मात्रांच्या ४५ फ्रेम ११, ११, ११ आणि १२ अशा वाटून घ्याव्या लागतात. ही वाटणी केली नाही, तर गाणं संपेपर्यंत चित्र तालाच्या पार पुढे निघून जातं.

एका फ्रेमने काय बिघडतं, असं वाटेल. २४च्या गतीत एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर तफावत जाणवू लागते. तोच आवाज उशिरा आला, तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ती खपून जाते. याचं कारण निसर्गातच आहे. लांबवर कोणी लाकूड फोडत असेल तर घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. मेंदूला ही सवय जन्मापासून असते. म्हणूनच कट ठोक्याच्या एखादी फ्रेम आधी पडलेला चालतो, नंतर पडलेला खुपतो.

पण कट मात्रेवर पाडणं हा पहिला धडा झाला. त्याला संपादक ‘एक्स्टर्नल सिंक’ म्हणतात. खरी परीक्षा ‘इंटर्नल सिंक’ची, म्हणजे चित्राच्या आतली हालचाल तालात आणण्याची. तलवारीचा वार घ्या. हात मागे जातो, क्षणभर थबकतो, मग दोन-तीन चित्रांत पातं खाली येतं. नवखा संपादक दृश्याची सुरुवात मात्रेवर ठेवतो. कट तालात पडतो आणि वार बेताल होतो. मुरलेला संपादक उलटा हिशेब करतो. पातं लागतं ती फ्रेम आधी ठोक्याखाली आणतो, मग तिथून मागे मोजत दृश्य कुठे सुरू करायचं ते ठरवतो. त्यात ॲनिमेची आणखी एक अडचण असते. खर्च वाचवण्यासाठी तिथे एकच चित्र अनेकदा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात. तीनचा हिशेब असला तर सेकंदाला आठच चित्रं. हवी ती मुद्रा हव्या त्या फ्रेमवर नसतेच. मग गती थोडी वाढवायची, एखादी फ्रेम गाळायची किंवा दुसरं दृश्य शोधायचं.

ओठ जुळवणं तर त्याहून चिकाटीचं. ॲनिमेतलं तोंड बहुधा तीनच चित्रांत बोलतं: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. ही तीन चित्रं वेगळी काढून गाण्याच्या शब्दांवर पुन्हा मांडायची. आपल्या वर्णमालेतला प-वर्ग इथे परीक्षा घेतो. प, ब, म म्हणताना ओठ मिटलेच पाहिजेत. तेवढं साधलं, तर बाकीच्या चुका प्रेक्षक पोटात घालतो.

आणि हे सगळं हाताशी आल्यावर आवरायला शिकावं लागतं. प्रत्येक मात्रेवर कट मारला की सुरुवातीला अंगात येतं, मग डोळा थकतो. चांगला तबलजी आवर्तनभर वाट पाहायला लावतो, म्हणून समेला मान हलते. एएमव्हीतही कडव्यावर एकच संथ दृश्य धरून ठेवणारा माणूस ध्रुवपदाला दुगुन घेतो, तेव्हा सभागृह उसळतं. अटलांटाच्या ॲनिमे वीकेंडपासून लॉस एंजेलिसच्या ॲनिमे एक्स्पोपर्यंत, संमेलनांतल्या एएमव्ही स्पर्धांना लोक गर्दी करतात ते या उसळीसाठी.

जपानमध्येही संगीताला चित्र भिडवण्याची ही ओढ चाहत्यांतूनच आली. १९८३ मध्ये ओसाकाच्या विज्ञानकथा संमेलनासाठी काही तरुणांनी ‘दायकॉन ४’ हा छोटा ॲनिमेशनपट हाताने काढला आणि इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राच्या गाण्यावर बसवला. त्या मंडळींतूनच पुढे गायनॅक्स ही संस्था उभी राहिली. तिच्या १९९५च्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ या मालिकेवर जगभरच्या चाहत्यांनी असंख्य एएमव्ही केले आहेत.

हक्कांचा प्रश्न या छंदाच्या मागे कायम आहे. २००५ मध्ये विंड-अप रेकॉर्ड्स या कंपनीने इव्हॅनेसन्स, क्रीड वगैरे आपल्या बँडच्या गाण्यांवरचे एएमव्ही काढून टाकायला लावले. कंपनीचा कायदेशीर हक्क मी नाकारत नाही. पण परक्या चित्रांतून कोणी लक्षातही न घेतलेली लय शोधून काढणं, ही माझ्या लेखी निर्मितीच आहे. त्यासाठी एकेक दृश्य इतक्या प्रेमाने आणि इतक्या वेळा पाहावं लागतं, की मूळ निर्मात्यांखेरीज तेवढं क्वचितच कोणी पाहत असेल.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला, तर एकदा आवाज बंद करून पाहा. काम चांगलं असेल, तर ठेका तरीही दिसेल.